गॅट्सबीला नुसती डेझी पुरणार नव्हती

फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अजिबात आवडली नव्हती हे आधीच सांगून टाकते. वय लहान, प्रेमाबद्दल डोक्यात नुसत्या भन्नाट कल्पना, आणि पुस्तकात काय तर एक मालदार माणूस, त्याच्या पार्ट्या, सदा कंटाळलेली डेझी नावाची एक बाई, तिचा आडदांड नवरा आणि शेवटी तीन मुडदे. डेझीचा तर इतका राग आला होता की काय सांगू. मग मधे बरीच वर्षं गेली, पुन्हा वाचली, तेव्हा गॅट्सबीची कीव आली. आणि आता गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा हातात घेतली, दोन रात्रीत संपली, नऊच तर प्रकरणं आहेत, आणि यावेळी मला वाटायला लागलं की आपण ही लव्हस्टोरी म्हणून वाचत आलो तिथेच आपली गफलत झालीय.

ज्यांनी वाचली नाहीये त्यांनी इथेच थांबा, मी सगळं फोडणार आहे. पुस्तक आलं १० एप्रिल १९२५ला, त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून कुणाची बोलणी खाणार नाही.

तर गोष्ट अशी. १९२२चा उन्हाळा, न्यूयॉर्कशेजारचं लाँग आयलंड. निक कॅरावे नावाचा तिशीला टेकलेला माणूस मिडवेस्टमधून बाँडचा धंदा शिकायला इकडे येतो आणि महिना ८० डॉलर भाड्याने एक साधंसं घर घेतो. शेजारी गॅट्सबीचा महाल. हा भाग वेस्ट एग, इथे नव्याने पैसा आलेले लोक. पाण्याच्या पलीकडे ईस्ट एग, तिथे पिढीजात श्रीमंत, आणि तिथेच निकची लांबच्या नात्यातली बहीण डेझी आणि तिचा नवरा टॉम ब्युकॅनन राहतात. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १९१७ला, केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये डेझी आणि गॅट्सबीचं जमलेलं होतं. तो तेव्हा फौजेत लेफ्टनंट, अंगावर युनिफॉर्म म्हणून कुणाला कळत नव्हतं की खिशात दमडी नाही. तो लढाईवर गेला, ती काही काळ थांबली, मग १९१९च्या जूनमध्ये टॉमशी लग्न करून मोकळी झाली. आता गॅट्सबीने रग्गड पैसा केलाय आणि मुद्दाम तिच्या समोरच्याच किनाऱ्यावर घर घेतलंय. रात्री तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा बघत अंधारात उभा राहतो. बस, एवढंच.

आता या पैशाबद्दल. लेखकाने श्रीमंतीचं वर्णन करताना झुंबरं आणि संगमरवर तर दिलंच आहे पण माझ्या डोक्यातून जात नाही ती संत्री. दर शुक्रवारी शहरातल्या फळवाल्याकडून संत्र्या-लिंबांची पाच खोकी येतात आणि सोमवारी मागच्या दाराने नुसत्या पिळलेल्या अर्ध्या फोडींचा डोंगर बाहेर पडतो. किचनमध्ये एक मशीन आहे, अर्ध्या तासात २०० संत्र्यांचा रस काढतं, अट एकच, बटलरने अंगठ्याने २०० वेळा एक छोटं बटण दाबायचं. मला तो अंगठा दिसतो. एवढ्या दिव्यांच्या, बँडच्या, शॅम्पेनच्या पार्टीत लेखकाने तुमचं लक्ष बरोब्बर त्या अंगठ्याकडे नेलंय आणि पुढच्या ओळीत काही झालंच नाही असं दाखवत पार्टी चालू.

तसंच लायब्ररीचं. पार्टीत जाड चष्म्याचा एक टाइट झालेला पाहुणा लायब्ररीत बसून थक्क झालाय की पुस्तकं खरी आहेत हो! त्याला वाटलं होतं नुसते पुठ्ठे असतील. पण पानं कापलेली नाहीत. त्या काळी बरीच पुस्तकं घडीची पानं न कापता यायची, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत वाचायची. म्हणजे गॅट्सबीने पुस्तकं अस्सल घेतली पण एकही उघडलं नाही. पाहुणा त्यावरही खूश, म्हणतो केवढा बारकावा, कुठे थांबायचं तेही याला कळतं. (ह्या चष्मेवाल्याला लक्षात ठेवा.)

पैसा आला कुठून, तर दारूबंदीतून. अमेरिकेत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ दारू बनवायला, विकायला देशभर बंदी होती, आणि गॅट्सबी औषधांच्या दुकानांच्या नावाखाली तोच धंदा करतो, शिवाय चोरीच्या बाँडचीही काहीतरी भानगड आहे. त्याचा पार्टनर वुल्फशाइम, म्हणजे कादंबरीनुसार १९१९ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज फिक्स करणारा माणूस. गॅट्सबी आधी निकला सांगतो की सगळे पैसे वडिलोपार्जित आहेत, आणि नंतर कौतुकाने घर दाखवताना बोलून जातो की हे घर घ्यायचे पैसे कमवायला मला तीनच वर्षं लागली. पकडला गेला की! निकने टोकल्यावर कशीबशी सारवासारव करतो. मला गॅट्सबी आवडायला लागला तो इथे, इतका धड खोटंही बोलता न येणारा गुंड.

लेखकाचं स्वतःचं प्रकरण माहीत असेल तर पुस्तक वेगळंच वाटतं. फिट्झजेराल्डला १९१५च्या जानेवारीत जिनेव्हरा किंग भेटली, शिकागोच्या बड्या घरातली मुलगी, आणि ते काही पुढे गेलं नाही. गरीब पोरांनी श्रीमंत पोरींशी लग्नाचे विचार करू नयेत अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नोंदवहीत सापडतं. मग झेल्डा सेअर. तिने १९१९ला ठरलेलं लग्न मोडलं, कारण याच्या कमाईचा काही भरवसा नव्हता. २६ मार्च १९२०ला याची पहिली कादंबरी आली, धडाक्यात खपली आणि ३ एप्रिलला लग्न. आठ दिवसांत! म्हणजे पैसा आला की गेलेली मुलगी परत येते हे या माणसाने स्वतः अनुभवलेलं होतं, त्याच्या बाबतीत हा फॉर्म्युला चालला होता. आणि तरी चारेक वर्षांनी तो बसून अशा माणसाची गोष्ट लिहितो ज्याच्या बाबतीत नाही चालला. मला वाटतं लग्न होऊनही त्याच्या डोक्यात कुठेतरी ते ‘आधी नाही म्हणाली होती’ टोचत राहिलं असणार. हा माझा आपला अंदाज.

आता मुद्द्यावर येते. चहाचा सीन. गॅट्सबी निकमार्फत डेझीला चहाला बोलवून घेतो, निकच्याच घरी, जसं काही योगायोगाने भेट झाली. सकाळपासून धो धो पाऊस. तरी त्याने माणूस पाठवून निकचं गवत कापून घेतलंय, घरात मावणार नाहीत एवढी फुलं आणून ठेवलीत. आणि ऐन वेळी साहेबांचा धीर सुटतो, घरी निघतो म्हणतात. ती आल्यावर हा शेकोटीच्या कट्ट्याला टेकून उभा, अगदी आरामात असल्याचं उसनं अवसान आणून, आणि डोकं मागे टेकवलंय ते नेमकं वर ठेवलेल्या एका बंद पडलेल्या घड्याळावर. घड्याळ कलंडतं, हा थरथरत्या हातांनी ते पडता पडता झेलतो, पुन्हा जागेवर ठेवतो आणि म्हणतो, सॉरी हं घड्याळाबद्दल. घड्याळ फुटलेलं नाही. पण खोलीतल्या तिघांनाही क्षणभर वाटतं की ते फुटून जमिनीवर पडलंय. डेझी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणते की आपण भेटून बरीच वर्षं झाली. आणि हा फटकन उत्तर देतो, येत्या नोव्हेंबरला पाच वर्षं.

कॉलेजात कुणीतरी सांगितलेलं की घड्याळ म्हणजे वेळेचं प्रतीक, तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले. आता वाचताना प्रतीक बितीक काही आठवलं नाही. फक्त ते उत्तर. मोजत बसलेला माणूस! ज्याच्यासाठी पाच वर्षं खरंच गेली तो म्हणतो ‘झाली असतील चार-पाच वर्षं’. महिन्यासकट उत्तर तोच देतो ज्याच्या दृष्टीने ती गेलेलीच नाहीत.

मग तो तिला आपलं घर दाखवतो, ते शर्ट वगैरे. तो प्रसिद्ध सीन, इंग्लंडहून मागवलेले शर्ट एकेक करून टेबलावर फेकत जातो, लिनन, सिल्क, फ्लॅनेल, रंगीत ढीग होतो आणि डेझी त्या ढिगात तोंड खुपसून रडायला लागते, म्हणते इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिलेच नाहीत. पहिल्या वेळी मी इथे खो खो हसले होते, शर्टांवर कोण रडतं. आता मला हसू येत नाही. तिला रडायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि हाताशी शर्ट होते.

त्याच दुपारी तो तिला म्हणतो की धुकं नसतं तर पलीकडे तुझं घर दिसलं असतं, तुझ्या धक्क्यावर रात्रभर एक हिरवा दिवा असतो. ती त्याच्या हातात हात घालते. आणि निकच्या लक्षात येतं की आता तो दिवा फक्त दिवा झाला, इतके दिवस तो जवळजवळ तिला टेकलेला वाटायचा, चंद्राशेजारी चांदणी असावी तसा, आणि आता साहेबांच्या खात्यातली जादूची एक वस्तू कमी झाली.

माझाही एक हिरवा दिवा होता. चॅटमधल्या नावाशेजारचा ठिपका. दोनेक वर्षं मी रोज रात्री झोपायच्या आधी फक्त तो ठिपका लागलाय का बघायचे, मेसेज कधी नाही केला, नुसतं बघायचं आणि फोन उलटा ठेवायचा. एक दिवस समोरूनच मेसेज आला, कशी आहेस, काय चाललंय, वीस मिनिटं गप्पा झाल्या, नोकरी, तब्येत, कोण कुठे असतं. छान गप्पा झाल्या खरंतर. दुसऱ्या रात्री मी सवयीने चॅट उघडलं, ठिपका होता, आणि मला काहीच वाटलं नाही. तेव्हा मी सुटले म्हणून खूश व्हायला हवं होतं ना, तर मला चक्क वाईट वाटत होतं.

असो. तर गॅट्सबीला डेझी मिळालेली आहे. ती दुपारी दुपारी त्याच्याकडे येतेय, अफेअर सुरू आहे, ती नवऱ्याला सोडेल असंही वाटायला लागलंय. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे देवाचे आभार मानले असते. हा नाही. कारण याला ती पुरत नाही. याला पाहिजे की तिने टॉमसमोर उभं राहून सांगावं, माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं. ‘कधीच’ महत्त्वाचं. मग लुईव्हिलला परत जायचं आणि तिच्या माहेरच्या घरातून लग्न करायचं, जसं काही पाच वर्षांपूर्वीचीच गोष्ट. निक बिचारा समजावतो की बाबा रे, गेलेला काळ पुन्हा आणता येत नाही. तर याला आश्चर्य वाटतं. येत नाही? येतो की! इकडेतिकडे बघतो, जणू तो काळ तिथेच अंगणात अंधारात कुठेतरी पडलाय, हात जरा लांब केला की लागेल.

आणि मग ती मुलगी समोर येते. डेझीची तीन वर्षांची लेक. पुस्तकात तिला जेमतेम दोन पानं आहेत आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकाची चावी तिथे आहे. दाई तिला घेऊन येते, डेझी तिचं कौतुक करते, गॅट्सबी वाकून तिचा एवढासा हात हातात घेतो आणि नंतर तिच्याकडे आश्चर्याने बघत राहतो. निक म्हणतो, ही मुलगी खरोखर आहे यावर त्याचा तोवर विश्वासच बसला नसावा. अरे म्हणजे काय! तू रोज जिच्या घराकडे टक लावून बसतोस त्या घरात एक पोर आहे हे तुला माहीत होतं, पण तुझ्या हिशेबात ती वर्षं घडलेलीच नव्हती तर त्यात पोर कुठून होणार. बोलणारं चालणारं, पांढरा फ्रॉक घातलेलं पोर. तिला कसं खोडणार?

त्याच दिवशी सगळे उकाड्याने वैतागून शहरात जातात आणि प्लाझा हॉटेलच्या एका सूटमध्ये तो राडा होतो. गॅट्सबी डेझीच्या तोंडून ते वाक्य वदवून घ्यायला बघतो. ती म्हणतेसुद्धा, नाही, नव्हतं प्रेम, पण आवाजात जोर नाही. मग टॉम, जो तोपर्यंत आपल्याला नुसता माजोरडा बैल वाटत असतो, एकदम खालच्या आवाजात विचारतो, कापिओलानीला पण नव्हतं? तुझे शूज भिजू नयेत म्हणून मी तुला पंच बोलवरून उचलून खाली आणलं त्या दिवशी पण नव्हतं? हवाईतली ठिकाणं आहेत ही. बस, दोन नावं. आणि गॅट्सबीकडे याला उत्तर नाही, कारण त्याच्या महालात, लायब्ररीत, शर्टांत कुठेच तो शूजवाला दिवस नाहीये. डेझी रडत म्हणते की तू फार मागतोस, आत्ता माझं तुझ्यावर प्रेम आहे तेवढं पुरत नाही का, एकेकाळी माझं त्याच्यावर होतं, पण तुझ्यावरही होतं.

तुझ्यावर‘ही’. गॅट्सबी डोळे मिटतो आणि तेवढंच पुन्हा म्हणतो, माझ्यावरही? मराठीत वाचताना मनातल्या मनात वाक्य असं फिरवलं आणि ते एवढंसं शेपटासारखं लागलेलं ‘ही’ बघून मी पुस्तक खाली ठेवलं. बंगला, गाडी, पार्ट्या, दारू, वुल्फशाइम, सगळं ज्याच्यासाठी केलं ते या एका अक्षरापाशी संपलं. डेझी खोटं बोलत नाहीये हो. तिच्या तोंडून इतकं खरं वाक्य पुस्तकात दुसरं नाही, आणि याला तेच नकोय. दुसऱ्या दिवशी सकाळी निकला सांगतो, असेल तिचं टॉमवर एखाद्या मिनिटापुरतं प्रेम, नवीन नवीन लग्न झालं होतं तेव्हा, आणि वर म्हणतो, तसंही ते फक्त पर्सनल होतं. फक्त पर्सनल! मग बाकी काय होतं बाबा?

डेझीबद्दल माझं मत बदललं त्याचं कारण मात्र दुसरंच आहे, लग्नाच्या आदल्या दिवशीचा सीन. तिची मैत्रीण जॉर्डन सांगते. टॉमने साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिलाय. त्या संध्याकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी डेझी दारू पिऊन बेडवर पडलीय, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात एक पत्र. हार कचऱ्याच्या टोपलीत. म्हणते, परत द्या ज्याचा त्याला, सांगा डेझीचा विचार बदलला. तिला थंड पाण्याच्या टबात बसवतात तरी ती पत्र सोडत नाही, हातात ओला गोळा करून धरून ठेवते, बर्फासारखे त्याचे तुकडे सुटायला लागतात तेव्हा कुठे साबणाच्या डिशमध्ये ठेवू देते. मग अमोनिया हुंगवतात, कपाळावर बर्फ ठेवतात, परत ड्रेसचे हुक लावतात, आणि अर्ध्या तासाने ती खोलीतून बाहेर येते तेव्हा हार गळ्यात. पत्र कुणाचं ते जॉर्डन सांगत नाही, आपण समजायचं. त्यात काय लिहिलं होतं तेही शेवटपर्यंत कळत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्या घरात, त्या पाहुण्यांत, आणखी काय जमणार होतं हे मला विशीत सुचलं नव्हतं.

पण म्हणून तिला माफ करायचं असंही नाही. गॅट्सबीची गाडी चालवताना तिच्या हातून मर्टलचा, म्हणजे टॉमचं जिच्याशी लफडं आहे त्या बाईचा, जीव जातो, गॅट्सबी तो आळ आपल्यावर घ्यायला तयार आहे, रात्रभर तिच्या घराबाहेर झाडीत पहारा देत उभा राहतो की टॉम तिला त्रास देईल. आणि निक जाऊन खिडकीतून बघतो तर आत नवराबायको टेबलाशी समोरासमोर बसलीत, मधे गार झालेलं फ्राइड चिकन, बिअरच्या दोन बाटल्या, कुणी काही खात नाहीये, त्याने तिच्या हातावर हात ठेवलाय. सुखी दिसत नाहीत, दुःखीही नाहीत. आपसात काहीतरी ठरतंय. गॅट्सबी बाहेर, आत काहीच नाही त्याची राखण करत. पिढीजात पैसा म्हणजे काय ते मला त्या गार चिकनवरून कळलं.

पुढचं पटकन सांगते. मर्टलचा नवरा, बायकोला गॅट्सबीनेच मारलं असं समजून, त्याला त्याच्याच स्विमिंग पूलमध्ये गोळी घालतो आणि स्वतःलाही मारून घेतो. अख्ख्या उन्हाळ्यात गॅट्सबी त्या पूलमध्ये एकदाही उतरला नव्हता, तो दिवस पहिलाच. शेकडो लोक पार्ट्यांना येऊन खाऊन-पिऊन गेलेले, मयताला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निक, गॅट्सबीचे वडील, चार-पाच नोकर, पोस्टमन आणि तो लायब्ररीतला चष्मेवाला, एवढेच. त्याच घरात फुकट राहिलेला एक पाहुणा फोन करतो तो विसरलेले टेनिसचे शूज पाठवा म्हणून! डेझीचा निरोप नाही, फूल नाही.

पुस्तकाचंही थोडंफार तसंच झालं म्हणा. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, मग तीन हजारांची दुसरी, तीही संपेना. फिट्झजेराल्ड १९४०च्या डिसेंबरमध्ये ४४व्या वर्षी वारला तेव्हा त्या प्रती प्रकाशकाच्या गोडाऊनमध्ये पडून होत्या. नंतर दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायला खिशात मावतील अशा छोट्या आवृत्त्या काढल्या त्यात हिच्या जवळजवळ १,५५,००० प्रती गेल्या. लढाईवर गेलेल्या मुलाची मुलगी मागे थांबत नाही, ही गोष्ट, आणि कुणाला वाटली तर घरापासून लांब बराकीत पडलेल्या पोरांना. कुणाच्या डोक्यातून आलं असेल देव जाणे.

मला शेवटचं पान सगळ्यांना पाठ असतं ते माहितीय, प्रवाह, होडी वगैरे, पण तिसऱ्या वाचनात मी अडकले ती आठव्या प्रकरणातल्या एका परिच्छेदात. लढाई संपल्यावर गॅट्सबी अमेरिकेत येतो तेव्हा टॉम आणि डेझी हनिमूनलाच आहेत. फौजेच्या पगारातले उरलेसुरले पैसे घालून हा लुईव्हिलला जातो, आठवडाभर राहतो, तो आणि डेझी ज्या रस्त्यांवरून फिरायचे त्या रस्त्यांवरून एकटाच फिरतो. मग परत निघतो. खिशात काही नाही, साध्या डब्यात बसलाय, उकडतंय. उठून डब्याच्या उघड्या दारापाशी जातो आणि घडीच्या खुर्चीवर बसतो. गाडी वळण घेते, गाव मागे पडायला लागतं, आणि तो हात बाहेर काढतो, तिथली मूठभर हवा तरी धरून न्यावी म्हणून. गाडी आता इतकी जोरात पळतेय की त्याला नीट दिसतही नाहीये.